‘एकही नोंद नाही’ म्हणून विषय सोडायचा का?

पत्र थोडक्यात: सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या वाचक भगिनीने हे पत्र लिहिलं आहे. घर, दोन मुलं आणि तास सांभाळून त्या पीएच.डी. करतात. विषय आहे सोलापूर शहरातल्या विडी कामगार महिलांचा. आराखडा मंजूर झाला, पण ‘संबंधित साहित्याचा आढावा’ या प्रकरणावर गाईडनी ‘फारच त्रोटक’ असा शेरा मारून ते परत केलं. त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेल्या आणि विषयाचं शीर्षक इंग्रजीत करून डेटाबेसमध्ये टाकलं, तर एकही नोंद आली नाही. नुसतं ‘विमेन वर्कर्स’ टाकलं, तर नोंदींना अंतच नाही. यावर कुणी काही लिहिलेलंच दिसत नाही, मग विषय बदलावा का, असं त्या विचारतात. आपलं शिक्षण मराठी माध्यमातलं, हे इंग्रजी डेटाबेस आपल्यासाठी नाहीतच, असंही त्यांना वाटू लागलं आहे. त्यातच एक ओळखीचे म्हणाले की पैसे दिले की ‘रिव्ह्यू’चं प्रकरण तयार करून देणारा एक माणूस आहे. त्याला काम द्यावं का?

ताई,

विषय बदलू नका. निदान आत्ता, या कारणासाठी तरी नको.

‘काहीच उपलब्ध नाही’ हे वाक्य ग्रंथपालाच्या टेबलामागे बसून मी इतक्यांदा ऐकलंय की, त्यावर माझा प्रश्न ठरलेला असतो: कुठे नाही, आणि कोणत्या शब्दांनी शोधल्यावर नाही? तुम्ही जे केलंत त्यातून एवढंच सिद्ध होतं की, तुमच्या शीर्षकातले सगळे शब्द एकत्र असलेली नोंद त्या एका डेटाबेसमध्ये नाही. ती असणारच नव्हती. तुमच्या शीर्षकातली ‘सामाजिक व आर्थिक समस्यांचा चिकित्सक अभ्यास’ ही भाषा आरआरसीसमोर, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीसमोर, शोभते, पण लेख लिहिणारा माणूस तसं लिहीत नाही. बहुतेक डेटाबेस दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेचा अर्थ ‘हाही हवा आणि तोही हवा’ असा घेतात. तुम्ही दहा-बारा शब्द टाकलेत म्हणजे दहा-बारा अटी घातल्यात. त्यात ‘चिकित्सक’ आणि ‘समस्या’ या अटींचा तुमच्या विषयाशी काही संबंधही नाही.

डेटाबेसला तुमचा प्रश्न कळत नाही. तो अक्षरं जुळवतो. कुणीतरी, कधीतरी, कुठल्या तरी गावात बसून जे शब्द लिहिले, तेच तुम्ही टाइप केलेत तर लेख समोर येतो, नाहीतर नाही. म्हणून शोधायला बसण्याआधी कॉम्प्युटर बंद ठेवून एक कागद घ्या आणि आपल्या विषयाचे तीन भाग करा: गाव, धंदा, आणि बाई व तिच्या कामाची पद्धत. प्रत्येक भागाखाली तीच गोष्ट दुसऱ्या माणसाने काय म्हणून लिहिली असेल, ते लिहीत जा.

गावापासून सुरू करू. तुम्ही इंग्रजीत सोलापूर ‘एस-ओ’ने सुरू केलंत. इंग्रज ते ‘एस-एच-ओ’ने लिहायचे, शोलापूर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा 1884 सालचा आपल्या जिल्ह्याचा खंड त्याच नावाने आहे. स्वातंत्र्यानंतरही ही सवय लगेच सुटली नाही. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी आपल्या शहराचा जो सामाजिक-आर्थिक अभ्यास केला, तो 1965 साली छापला गेला तेव्हाही शीर्षकात शोलापूरच होतं. म्हणजे एक ‘एच’ न टाकल्यामुळे गिरण्यांच्या भरभराटीचा आणि विडी धंद्याच्या वाढीचा जवळजवळ सगळा काळ तुमच्या शोधाबाहेर राहिला. मराठीतही ‘सोलापूर’ आणि ‘सोलापुर’ अशा दोन्ही नोंदी सापडतात, कारण नोंद करणारा प्रत्येक जण ऱ्हस्व-दीर्घ पाळतोच असं नाही.

आता धंदा. आपण विडी म्हणतो, विडी घरकुल म्हणतो. छापील मराठीत बिडी आणि बीडीही दिसतं. इंग्रजीत तर तीन वाटा आहेत: बी-आय-डी-आय, बी-डबल ई-डी-आय, आणि बंगाल-बांगलादेशकडच्या लेखनात बी-आय-आर-आय. शिवाय मराठी प्रबंधांची शीर्षकं रोमन अक्षरांत नोंदवलेली असली तर ‘व्ही’ने सुरू होणारी विडीही असू शकते. कामगाराचंही तसंच आहे. वर्कर, रोलर, लेबर. आणि लेबरमध्ये ब्रिटिश पद्धतीने ‘यू’ असतो, अमेरिकन पद्धतीने नसतो.

तिसरा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे तुमचं डोळ्यांनी पाहिलेलं ज्ञान आणि अभ्यासकांची परिभाषा यांची गाठ पडायची आहे. बाई कारखान्याच्या शाखेतून पान-तंबाखू घरी आणते, पानं भिजवते, कापते, हजाराच्या हिशेबाने विड्या वळून परत नेऊन देते, आणि तिथला माणूस त्यातल्या काही नापास करतो. हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. पण डेटाबेसमध्ये हे दृश्य ‘होम-बेस्ड वर्क’, ‘होमवर्कर’, ‘पुटिंग-आउट सिस्टिम’, ‘पीस रेट’, ‘सबकॉन्ट्रॅक्टिंग’, ‘इन्फॉर्मल सेक्टर’ या नावांखाली नोंदलेलं असतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1996 सालचा 177 क्रमांकाचा करार याच प्रकारच्या कामाबद्दल आहे आणि त्याच्या नावात आहे ‘होम वर्क’. शीर्षकात विडी हा शब्दही नसलेले कितीतरी लेख तुमच्या कामाचे आहेत, ते असे.

हे शब्द हाताशी आले की जोडणी सोपी आहे. एकाच भागातले पर्यायी शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात टाकायचे आणि असे कंस ‘अँड’ने एकमेकांना जोडायचे. तुमच्यासाठी पहिली ओळ अशी होईल, अर्थात इंग्रजी अक्षरांत: (सोलापूर ऑर शोलापूर) अँड (बिडी ऑर बीडी ऑर बिरी) अँड (वर्कर* ऑर रोलर* ऑर विमेन). अँड आणि ऑर कॅपिटल अक्षरांत लिहा, काही ठिकाणी त्याशिवाय चालत नाही. शब्दाच्या शेवटी स्टार लावला की वर्कर, वर्कर्स असे पुढचे सगळे अवतार येतात. दोन-तीन शब्द त्याच क्रमाने हवे असतील तर अवतरणचिन्हांत टाका. गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या संशोधन-लेखांच्या शोधसेवेवर, मात्र हा स्टार चालत नाही, तिथे रूपं वेगवेगळी लिहावी लागतात. प्रत्येक डेटाबेसचे हट्ट निराळे असतात. मदतीचं पान दोन मिनिटं वाचलं की ते कळतात, पण ते पान कुणी उघडत नाही.

एक खड्डा आधीच सांगून ठेवते. विडी टाकलं की धूम्रपान आणि कर्करोग यांवरचं वैद्यकीय संशोधन ढिगाने अंगावर येतं. ते घालवायला ‘नॉट स्मोकिंग’ लिहिण्याचा मोह होतो. लिहू नका. विडी वळणाऱ्या बायकांच्या फुफ्फुसांवरच्या लेखातही ‘यांच्यापैकी कुणी धूम्रपान करत नव्हतं’ असं एखादं वाक्य असतंच, आणि ‘नॉट’ लावल्यावर नेमका तोच लेख गळतो. काढून टाकण्यापेक्षा कामगाराचे शब्द जोडा, ढीग आपोआप कमी होतो.

एवढं करूनही सोलापूरवर मोजकेच लेख मिळतील, कदाचित. मग पहिला कंस काढून टाका. निपाणी, सिन्नर, संगमनेर, तमिळनाडूतलं तिरुनेलवेली, मध्य प्रदेशातलं सागर, बंगालचं मुर्शिदाबाद, सगळीकडे विड्या वळल्या जातात आणि त्यांवर लिहिलंही गेलंय. तुमच्या गाईडना ‘सोलापूरवर कोण काय म्हणालं’ याची यादी नको असणार. जे इतर ठिकाणी आढळलं ते इथे लागू पडतं का, आणि नसेल तर का, हे त्यांना हवं असावं. इथे तेलंगणातून आलेली विणकर घरं आहेत. गिरण्या बंद पडल्यावर बाईची हजारी मजुरी हाच घराचा आधार झाल्याचं तुम्ही मुलाखतींत ऐकलं असेल. कुंभारीला कामगारांची मोठी वसाहत उभी राहिली, हे तर सगळ्या जगाने पाहिलं. तिरुनेलवेलीवरचा लेख वाचल्याशिवाय यातलं वेगळं काय ते तुम्हालाही नीट मांडता येणार नाही. कुणीच लिहिलं नाही म्हणून विषय मोलाचा, किंवा कुणीच लिहिलं नाही म्हणून टाकाऊ, या दोन्ही समजुतींना तसा काही अर्थ नाही.

एक चांगला लेख हाती आला की शोधाची पद्धत बदला. त्या लेखाखालचे कीवर्ड आणि डेटाबेसने त्याला दिलेले विषय-शीर्षक उतरवून घ्या. सूचीकार लोक ठरावीक शब्दांनीच नोंदी लावतात आणि ते शब्द तुम्हाला सुचलेले नसतात. ते वापरून पुन्हा शोधा. मग लेखाची संदर्भसूची बघा, ती तुम्हाला मागे नेते. गूगल स्कॉलरवर त्याच लेखाखाली ‘साइटेड बाय’ असतं, ते पुढे नेतं, म्हणजे नंतर कुणी कुणी या लेखाचा आधार घेतला ते दाखवतं. खरं सांगायचं तर अनुभवी संशोधकांचा अर्धा आढावा याच दोन वाटांनी होतो, शोधचौकटीतून कमीच.

कुठे शोधायचं, तेही सांगते. शोधगंगा तुम्ही पाहिली असेलच. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या या ऑनलाइन भांडारात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. पण एक स्थानिक गोष्ट लक्षात ठेवा. आपलं सोलापूरचं विद्यापीठ 2004 सालचं. त्याआधी सोलापूरची महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि 1962 पूर्वी पुण्याला. म्हणजे सोलापूरवरचे जुने प्रबंध आणि एम.फिल.चे लघुप्रबंध कोल्हापुरात असणार. केगावच्या, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या, कपाटात ते न दिसणं स्वाभाविक आहे. प्रबंध ऑनलाइन ठेवण्याचा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम 2009 सालचा, त्यामुळे त्याआधीचं सगळंच शोधगंगेवर असेल अशी आशा धरू नका. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयाची सूची पाहा, किंवा आपल्या ग्रंथपालांकरवी तिथे विचारणा करा.

मराठी प्रबंधांची आणखी एक अडचण आहे. अनेक प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण मशीनच्या लेखी ती चित्रं किंवा निरर्थक अक्षरं असतात. अशा फायलीत ‘विडी’ शोधून ती सापडत नाही. तिथे शब्दाच्या नादी न लागता विद्यापीठ निवडा, विभाग निवडा, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य, आणि शीर्षकांची यादी डोळ्यांखालून घाला. कंटाळवाणं काम आहे. पण होतं. शोधगंगेचंच भावंड शोधगंगोत्री, तिथे चालू संशोधनाचे आराखडे असतात. तुमच्याच विषयावर दुसरं कुणी नोंदलेलं नाही ना, हे आधी तिथे बघून घ्या.

जुन्या काळासाठी पुण्याच्या गोखले संस्थेचं डिजिटल भांडार उघडून पाहा. जुने सरकारी अहवाल आणि पुस्तकं तिथे घरबसल्या वाचायला मिळतात. 1931 सालचा रॉयल कमिशन ऑन लेबरचा अहवालही तुमच्या यादीत हवा, विडीच्या कारखान्यांतल्या मुलांबद्दल त्यात लिहिलेलं आहे. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक जेस्टोर या ऑनलाइन संग्रहात आहेत आणि तिथे स्वतःच्या नावाने मोफत खातं काढलं तर दरमहा ठरावीक लेख ऑनलाइन वाचता येतात. आरोग्याच्या प्रकरणासाठी पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस, तोही फुकट. कायद्यासाठी 1966 चा विडी व सिगार कामगार कायदा, 1976 चा कल्याण निधीचा कायदा, आणि सर्वोच्च न्यायालयाचा 1974 चा मंगलोर गणेश बीडी वर्क्सचा निकाल एवढ्या तीन गोष्टींपासून सुरुवात करा.

पैसे भरून घ्याव्या लागणाऱ्या नियतकालिकांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेल. केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी 2025 पासून चालू आहे. तीस मोठ्या प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं तिच्यात आहेत. विद्यापीठात नोंदणी असलेल्या संशोधकाला त्यातलं काय आणि कसं मिळतं, घरून लॉगिन कसं करायचं, हे ग्रंथालयात विचारा. तुम्ही जिथे शिकवता तिथे एन-लिस्ट, म्हणजे महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं मिळवून देणारी योजना, आहे का, हेही विचारा. तासिका तत्त्वावर आहोत, आपल्याला कोण देणार, असं म्हणून परस्पर माघार घेऊ नका.

ग्रंथपालांकडे जाताना मात्र ‘विडी कामगारांवर काही आहे का’ असं विचारू नका. तो शब्दांचा कागद घेऊन जा आणि म्हणा, हे शब्द मी या डेटाबेसमध्ये असे जोडले, एवढं आलं, आता पुढे काय? समोरच्या माणसाचा नूर बदलतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूने सांगतेय. पुस्तकं देणं-घेणं हा आमच्या कामाचा सगळ्यात कमी मजेचा भाग आहे. कुणी खरा शोध घेऊन आलं की आम्हीही खुर्ची पुढे ओढतो.

इंग्रजीबद्दल. तुम्हाला इंग्रजीत लिहायचं नाहीये, शोधायचंय. त्यासाठी वीस-पंचवीस शब्द पुरतात आणि त्यातले बरेच वर आलेच. लेख वाचताना आधी गोषवारा, मग निष्कर्ष, मग तक्ते. कामाचा वाटला तरच बाकीचं, शब्दकोश शेजारी ठेवून. पहिले काही लेख जड जातात. पुढे तेच तेच शब्द फिरून येतात, कारण एका विषयाची परिभाषा फार मोठी नसते. शिवाय तुमच्या मुलाखतीतली बाई तेलुगू-मराठी मिसळून जे सांगते ते इंग्रजी माध्यमात शिकलेल्या कुणा संशोधकाच्या हाती सहज लागणारं नाही, याकडेही जरा बघा.

आता त्या पैसे घेऊन प्रकरण लिहिणाऱ्या माणसाबद्दल. तुमच्यावर वेळेचा ताण आहे हे मला दिसतंय, त्यामुळे नैतिकतेचं भाषण देत नाही, हिशेब मांडते. त्याच्याकडून येणारं प्रकरण बहुधा दुसऱ्या प्रबंधांतून उचललेलं असणार. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे प्रबंध दुरुस्तीसाठी परत येतो, आणि साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. तपासणीत सापडणार तुमचं नाव, त्याचं नाही. आणि तोंडी परीक्षेत कुणी विचारलं, अमुक लेखकाशी तुम्ही सहमत आहात का, तर उत्तर कोण देणार? टाइपिंग, संदर्भसूचीची मांडणी, शुद्धलेखन यांसाठी कुणाला पैसे दिलेत तर त्यात काही गैर नाही. तोही खर्च झोटेरोसारख्या फुकट सॉफ्टवेअरने बराच वाचेल.

एआय चॅटबॉटचा आधार घेऊ का, हे आजकाल सगळेच विचारतात. पर्यायी शब्द सुचवायला घ्या, त्यात तो तरबेज आहे. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. अस्तित्वात नसलेला लेख, खऱ्या वाटणाऱ्या लेखकाच्या नावाने आणि वर्षासकट, तो बिनदिक्कत देतो. त्याने दिलेलं प्रत्येक शीर्षक स्वतः शोधून, उघडून पाहिल्याशिवाय सूचीत टाकू नका.

शोधताना एक वही ठेवा: तारीख, डेटाबेस, टाकलेली ओळ, किती नोंदी आल्या, त्यांतल्या कोणत्या घेतल्या. दोन मुलांच्या घरात सलग चार तास मिळत नाहीत. वही असली तर अर्ध्या तासाचं कामही पुढच्या वेळी तिथूनच उचलता येतं. थांबायचं कधी, याची खूणही हीच वही देते. नव्या शब्दांनी शोधूनही तीच नावं, तेच लेख परत येऊ लागले की आढावा लिहायला बसायचं. पन्नास संदर्भ झाले की नाही, हे मोजत बसू नका.

गाईडना भेटायला जाल तेव्हा नवं प्रकरण घेऊन जाण्याची घाई करू नका. आधी ही वही आणि वाचलेल्या दहा-बारा लेखांच्या नोंदी दाखवा, आणि सरळ विचारा: सर, इतर गावांवरच्या अभ्यासांशी सोलापूरची तुलना असं हे प्रकरण मांडलं तर चालेल का, की कालक्रमाने हवं? ‘त्रोटक’ म्हणजे त्यांना नेमकं काय कमी वाटलं, ते त्याच बैठकीत कळेल. त्यांचं उत्तर त्याच वहीत त्यांच्यासमोर लिहून घ्या.